कागद-पेन्सिलीचा ऑलिंपियाड

1989 च्या मे महिन्यात बल्गेरियातल्या प्रावेत्स या गावी तेरा देशांतली 46 शाळकरी मुले जमली होती. डोंगराच्या कुशीतल्या या लहानशा गावाची मोठी ओळख एकच होती: देशाचा सर्वेसर्वा तोदोर झिवकोव्ह तिथे जन्मला होता. आपल्याकडे नेत्याच्या गावाला साखर कारखाना मिळतो, पाठोपाठ इंजिनिअरिंग कॉलेज मिळते. झिवकोव्हच्या गावाला संगणकाचा कारखाना मिळाला. यंत्रालाही गावाचेच नाव दिले, प्रावेत्स. आत डोकावले तर ते अमेरिकेच्या ॲपल-टूचे जुळे भावंड निघे. मूळ मालकाला विचारण्याची पद्धत त्या काळी पूर्व युरोपात नव्हती.

मुलांपुढे प्रश्न एकच ठेवला होता. एका ओळीत दहा खोकी आहेत असे समजा. चार खोक्यांत अ, चारांत ब, आणि शेजारशेजारची दोन रिकामी. भरलेल्या कोणत्याही दोन लगतच्या खोक्यांतला माल, त्यांचा क्रम न मोडता, रिकाम्या दोन खोक्यांत हलवायची मुभा आहे. असे हलवत हलवत सगळे अ डावीकडे आणि सगळे ब उजवीकडे आणायचे, तेही कमीत कमी खेपांत. हे काम करणारा प्रोग्रॅम लिहा.

मालधक्क्यावर पोती रचणारा हमालही हा प्रश्न समजून घेईल. तो सोडवणारी रीत यंत्राला एकही पायरी न गाळता सांगणे मात्र फार थोड्यांना जमते. इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फॉरमॅटिक्स म्हणजे आयओआय ही स्पर्धा त्या खोक्यांपासून सुरू झाली. गणिताचा आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड तोवर तीस वर्षांचा झाला होता. त्याच्या घरातले हे धाकटे भावंड.

कल्पना होती ब्लागोवेस्त सेंदोव्ह या बल्गेरियन गणितज्ञाची. ऑक्टोबर 1987 मध्ये पॅरिसला युनेस्कोची चोविसावी सर्वसाधारण परिषद भरली, तिथे त्यांनी हा प्रस्ताव मांडला. सेंदोव्ह नुसते गणितज्ञ नव्हते. शाळेत विषयांचे कप्पे मोडून शिकवावे, संगणक लवकर मुलांच्या हाती द्यावा, असे प्रयोग त्यांचा गट आपल्या देशात आधीपासून करत होता. बल्गेरियालाही कारण होतेच. समाजवादी देशांच्या आपसातल्या कामवाटपात संगणक आणि त्याचे सुटे भाग बनवण्याचे काम या चिमुकल्या देशाकडे आले होते. यंत्रे बनत होती, तर ती चालवणारी डोकीही घडायला हवी होती. ती इतकी घडली की पुढच्या एकदोन वर्षांत सोफिया हे शहर संगणकाच्या व्हायरसांचे माहेरघर म्हणून जगभर बदनाम झाले. हुशार पोरांना वेळेवर चांगला प्रश्न दिला नाही, तर ती आपला प्रश्न आपणच शोधतात.

त्या मे महिन्यात प्रावेत्सला पूर्व जर्मनी आणि पश्चिम जर्मनी असे दोन वेगळे संघ आले होते. सोव्हिएत संघ होता, युगोस्लाव्हिया होता, चेकोस्लोव्हाकिया होता. शिवाय व्हिएतनाम, क्यूबा आणि झिम्बाब्वे. सहा महिन्यांनी, 9 नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत पडली आणि दुसऱ्याच दिवशी झिवकोव्हची खुर्ची गेली. दुसरा ऑलिंपियाड 1990 मध्ये मिन्स्कला झाला, तेव्हा मिन्स्क सोव्हिएत संघात होते. दीड वर्षात तो संघच उरला नाही. ज्यांनी स्पर्धा सुरू केली ते सरकार गेले, ज्या देशांनी भाग घेतला त्यांतले काही नकाशावरून गेले, आणि स्पर्धा मात्र अथेन्स, बॉन, मेंडोझा असा मुक्काम हलवत राहिली. संस्थापकांच्या माघारी इतकी वर्षे बिनबोभाट चाललेली सरकारी योजना सहसा सापडत नाही.

सुरुवातीच्या वर्षांतली तपासणी आज ऐकायला गमतीची वाटते. स्पर्धा संपली की परीक्षक मुलाशेजारी येऊन बसत, त्याच्याच यंत्रावर एकेक चाचणी चालवत आणि उत्तर पडद्यावर येईपर्यंत दोघेही श्वास रोखून बघत. प्रोग्रॅम फ्लॉपीवर, भाषा बहुतेकांची पास्कल. पुढे तपासणी यंत्रेच करू लागली आणि पास्कलची जागा सी++ ने घेतली. हळूहळू साचाही ठरून गेला: दोन दिवस, रोज पाच तास, रोज तीन प्रश्न, प्रत्येकी शंभर गुण. एका देशाची चारच मुले. एकूण स्पर्धकांपैकी साधारण निम्म्यांना पदक, त्यात सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचे प्रमाण एकास दोनास तीन.

आणखी एक रिवाज पहिल्यापासून आहे, आणि तो या लेखात पुन्हा येणार आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री सगळ्या देशांचे मार्गदर्शक एका दालनात कोंडून घेतात आणि प्रश्नपत्रिका आपापल्या भाषेत उतरवतात. पहाटेपर्यंत हे भाषांतर चालते. सकाळी जॉर्जियाचे मूल जॉर्जियनमध्ये प्रश्न वाचते आणि व्हिएतनामचे व्हिएतनामीत.

प्रावेत्सला भारत नव्हता. संगणक भारतातल्या शाळांत आले नव्हते असे मात्र नाही. 1984 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रे बसवली होती. अडीचशे म्हणजे अफाट देशात खिचडीत मीठ. ज्या शाळेत यंत्र आले तिथेही ते बहुधा मुख्याध्यापकांच्या कुलपात, गादीच्या कापडाच्या झाकणाखाली नांदले. पाहुणे आले की झाकण निघायचे.

आणि ज्या बऱ्हाणपूरसाठी हे सगळे सांगतो आहे, ते? तेव्हा ते पूर्व निमाड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते; स्वतःचा जिल्हा व्हायला 15 ऑगस्ट 2003 उजाडावा लागला. तापीकाठी फारूकींनी वसवलेली खानदेशची ही जुनी राजधानी 1760 मध्ये उदगीरच्या तहाने पेशव्यांकडे आली, आणि 1956 मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मध्य प्रदेशातच राहिली. रावेर पलीकडे महाराष्ट्रात, बऱ्हाणपूर अलीकडे. मधे केळीच्या बागा सलग आहेत, त्यांना सीमा ठाऊक नाही. गावात यंत्रमागांची खडखड. याच भागातल्या नेपानगरला देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना. 1956 मध्ये तो राष्ट्राला अर्पण करायला नेहरू आले होते. त्यामुळे या जिल्ह्याला इतर कशाची वाण असेल, कागदाची नव्हती. हे सांगायचे कारण पुढे येईल.

गणिताच्या ऑलिंपियाडात मात्र भारत त्याच 1989 साली उतरला. 1996 मध्ये तर तो ऑलिंपियाड मुंबईतच भरला. पुढे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे या स्पर्धांचे देशातले घर झाले, आणि रसायनाचा 2001 मध्ये, जीवशास्त्राचा 2008 मध्ये, भौतिकीचा 2015 मध्ये असे एकेक आंतरराष्ट्रीय मेळे मुंबईने भरवले. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान 1976 पासून होते. ते काढणारे श्रीराम अभ्यंकर जन्माने उज्जैनचे, वाढले ग्वाल्हेरात. म्हणजे मध्य प्रदेशातल्या मराठी घरातला मुलगा अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नाव काढून परत आला आणि पुण्यातल्या मुलांना गणित शिकवायला बसला. अभ्यंकर तिकडे गणिताबरोबर संगणकशास्त्राचेही प्राध्यापक होते. तरीही गणिताची जी घडी महाराष्ट्रात बसली, ती संगणकाच्या स्पर्धेची तिथे बसली नाही. ती बसली चेन्नईला, आणि तेही तेरा वर्षांनी.

त्या तेरा वर्षांत स्पर्धा काय शिकवत होती ते एका प्रश्नावरून कळेल. 1994 मध्ये स्वीडनमध्ये मुलांना आकड्यांचा एक त्रिकोण दिला होता. सगळ्यात वर 7. त्याखाली 3 आणि 8. त्याखाली 8, 1, 0. मग 2, 7, 4, 4. तळाला 4, 5, 2, 6, 5. शिखरावरून निघायचे, दर पायरीला डावीकडच्या नाही तर उजवीकडच्या आकड्यावर उतरायचे, आणि वाटेतल्या आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त भरेल अशी वाट काढायची.

हावरा माणूस दर वेळी मोठा आकडा धरतो: 7, 8, 1, 7, 5. बेरीज 28. पहिल्याच पायरीला जो लहान आकडा पत्करतो, तो 7, 3, 8, 7, 5 असा उतरून 30 मिळवतो. पाच ओळींत सगळ्या वाटा मोजून बघता येतात, त्या सोळाच आहेत. पण शंभर ओळी असतील तर वाटांची संख्या तीस आकडी होते. सेकंदाला शंभर कोटी वाटा तपासणारे यंत्र लावले आणि विश्वाच्या आजवरच्या वयाच्या हजारपट वेळ दिला, तरी काम संपणार नाही.

युक्ती अशी की वरून खाली जायचेच नाही. तळापासून वर या. शेवटून दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक आकड्याला विचारा: तुझ्याखालच्या दोघांत थोर कोण? तो तुझ्यात मिळव आणि तळची ओळ पुसून टाक. मग तिच्या वरची ओळ. शंभर ओळींच्या त्रिकोणात हा प्रश्न फक्त 4,950 वेळा विचारावा लागतो. चिकाटीची मुलगी एका सुट्टीत पाटीवर करील.

या पद्धतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग असे भारदस्त नाव आहे. ते रिचर्ड बेलमन यांनी 1950 च्या दशकात ठेवले, आणि त्यातल्या प्रोग्रॅमिंगचा संगणकाशी फारसा संबंध नाही. त्याचा अर्थ आखणी. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण भारताने जेव्हा आपली निवडचाचणी आखली, तेव्हा संगणक बाजूला ठेवून नेमकी आखणीच तपासायचे ठरवले.

ऑगस्ट 2002 मध्ये दक्षिण कोरियातल्या योंगिन इथे भारतीय संघ पहिल्यांदा आयओआयला गेला. मागे होती इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कंप्युटिंग सायन्स ही संस्था. दर डिसेंबरला संगणकशास्त्राच्या सिद्धान्तांवर परिषद भरवणाऱ्या अभ्यासकांची ही मंडळी. शिकवणीवाले नव्हेत, संशोधक. स्पर्धेचा भार प्रामुख्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने उचलला आणि माधवन मुकुंद राष्ट्रीय समन्वयक झाले. ते पुढे त्या संस्थेचे संचालकही झाले.

त्यांच्यापुढे अडचण सरळ होती. देशातली बहुसंख्य मुले अशा शाळांत शिकत होती जिथे संगणक नाही, किंवा आहे पण झाकणाखाली. प्रोग्रॅम लिहून दाखवा म्हटले तर पहिल्याच फेरीत महानगरांतल्या मूठभर शाळा उरणार. म्हणून पहिल्या पायरीला दोन दारे केली. एक दार प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांसाठी, झोनल कंप्युटिंग ऑलिंपियाड. दुसरे झोनल इन्फॉरमॅटिक्स ऑलिंपियाड, म्हणजे झिओ. इथे संगणक नाही, प्रोग्रॅम नाही, कोणती भाषा येते हे कोणी विचारत नाही. चार प्रश्न, कागद आणि पेन्सिल. एकेका प्रश्नाची तीन उदाहरणे, पहिल्यापेक्षा दुसरे मोठे, दुसऱ्यापेक्षा तिसरे. फक्त उत्तराचा आकडा लिहायचा. दोन्ही दारांतून आत आलेली मुले राष्ट्रीय फेरीला एकत्र बसतात, तिथून प्रशिक्षण शिबिर, आणि शिबिरातून चौघे. राष्ट्रीय फेरीला प्रोग्रॅम लिहावाच लागतो. पण डोके चालते हे एकदा कळले की भाषा काही आठवड्यांत शिकता येते, असा या रचनेमागचा हिशेब.

झिओचा प्रश्न कसा असतो याचा एक नमुना इथल्याच मातीतला रचून पाहू. बऱ्हाणपूर-रावेर रस्त्याला एका ओळीत सात केळीबागा आहेत. त्यांत कापणीजोगा माल अनुक्रमे 18, 20, 19, 12, 21, 23 आणि 20 क्विंटल. लगतच्या दोन बागांत एकाच दिवशी कापणी करता येत नाही, कारण ट्रक उभा करायची जागा दोघांत एक. एका दिवसात जास्तीत जास्त किती माल निघेल?

व्यापारी आधी 23 वर बोट ठेवील. मग शेजारचे 21 आणि 20 बाद. मग दुसऱ्या बागेतले 20, आणि शेवटी हाती उरते 12. एकूण 55. आता पेन्सिल घेऊन डावीकडून एकेक बाग जोडत चला. दर बागेला प्रश्न एकच: ही घेतली तर दोन बागा मागचा हिशेब अधिक हिचा माल, नाही घेतली तर लगतच्या मागच्या बागेपर्यंतचाच हिशेब. दोहोंतला मोठा आकडा लिहायचा. ओळ अशी होते: 18, 20, 37, 37, 58, 60, 78. उत्तर 78 क्विंटल. सातच्या जागी सत्तर बागा असत्या तरी ओळ तेवढीच लांबली असती, डोकेदुखी वाढली नसती. आणि हा स्वीडनच्या त्रिकोणाचाच सख्खा भाऊ आहे हे वाचकाच्या लक्षात आले असेल.

असली मोजणी या मुलखाला परकीही नाही. जुन्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे 1207 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे, त्यात विचारले आहे की शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधे आपसात बदलली तर त्याची रूपे किती होतील? 36,28,800. चार हातांच्या हरीची मात्र 24. हात चाराचे दहा झाले की रूपे दीड लाख पटीने वाढतात. ऑलिंपियाडचे परीक्षक नेमकी हीच वाढ मुलांच्या आड उभी करतात. याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी संगणक शोधला होता असा मुळीच नाही. असे सांगणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ आहेत. अर्थ एवढाच की या जातीचा प्रश्न मुलांना घालायला विजेची गरज नसते.

महाराष्ट्राचा हात या गोष्टीला लागला तो थोडा उशिरा आणि आडवाटेने. 2009 मध्ये मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने कोडशेफ सुरू केले, जिथे कोणीही घरबसल्या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत उतरू शकतो. प्रोग्रॅमिंगवाल्या दाराची झोनल चाचणी पुढे कोडशेफवरच होऊ लागली. कोचिंग क्लासच्या फीचा आकडा ऐकून ज्या घरात शांतता पसरते, त्या घरातल्या मुलाला सरावाची अशी फुकट जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणि मग 2016 मध्ये मालविका राज जोशी हे नाव वर्तमानपत्रांत झळकले. मुंबईची ही मुलगी सातवीत असताना शाळेतून बाहेर पडून घरीच शिकत होती. आयओआयमध्ये तिने भारतासाठी दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. अमेरिकेच्या एमआयटीने तिला सतराव्या वर्षी प्रवेश दिला. आयआयटीला तिला घेता आले नसते, कारण तिच्याजवळ बारावीची गुणपत्रिकाच नव्हती. तिच्यासाठी भारतात दार उघडले ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने.

त्या बातमीवर महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली, पण बहुतेक चुकीच्या बाजूने. शाळा सोडावी की नाही, यावर लोक हिरिरीने बोलले. सलग काही वर्षे एक मुलगी देशातल्या पहिल्या चौघांत येते म्हणजे ती दिवसाचे किती तास काय करत असेल, हे फारसे कोणी विचारले नाही. प्रवेशाच्या नियमांकडे मात्र यथावकाश कोणाचे तरी लक्ष गेले. 2025-26 पासून आयआयटी कानपूरने ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्या मुलांसाठी प्रवेशाची वेगळी वाट काढली, आणि तीत संगणकाचा ऑलिंपियाडही आहे.

मालविकाचे उदाहरण मुंबईचे, म्हणून बऱ्हाणपूरच्या पालकाला ते आपले वाटत नाही. त्याच्यासाठी गोमेलची गोष्ट आहे. गोमेल हे बेलारूसमधले शहर राजधानीपासून दूर, युक्रेनच्या सीमेजवळ. तिथला गेन्नादी कोरोत्केविच 2006 मध्ये मेक्सिकोतल्या मेरिदा इथे आयओआयला बसला तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्या वेळी त्याला रौप्य मिळाले. 2007 ते 2012 अशी ओळीने सहा वर्षे त्याने सुवर्ण जिंकले, आणि 2009, 2010, 2011 या तिन्ही वर्षी तो जगात पहिला होता. आई-वडील तिथल्याच विद्यापीठात संगणक शिकवणारे, हे खरे. पण गोमेलमधून पदके घेऊन येणारा तो एकटा नाही. त्या विद्यापीठातले मिखाईल दोलिन्स्की वर्षानुवर्षे गावातल्या मुलांना, अगदी प्राथमिक शाळेपासून, सोप्यातून अवघडाकडे जाणारे प्रश्न देत आले आहेत. राजधानी नाही, श्रीमंत शाळा नाहीत. एक मास्तर आणि प्रश्नांची न संपणारी चळत.

बऱ्हाणपुरात आज संगणक शिकवतो असे सांगणाऱ्या पाट्या कमी नाहीत. डीसीए, पीजीडीसीए, सीपीसीटीची तयारी, हिंदी टायपिंग. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेल्या अशा केंद्रांनी मध्य प्रदेशातल्या लहान गावांना संगणक दाखवला, ऑपरेटरच्या नोकऱ्या दिल्या. त्याची टिंगल करणे बरे नव्हे. सीमेपलीकडे रावेर-मुक्ताईनगरला तेच काम एमएससीआयटीने केले. पण दोन्हीकडे शिकवतात ते यंत्र चालवणे. खोक्यांचा प्रश्न, त्रिकोणाचा प्रश्न, केळीबागांचा प्रश्न यांतले काहीच त्या अभ्यासक्रमांत येत नाही. ज्या मुलाचे डोके तसे चालते, त्याला इंदूरची किंवा कोट्याची गाडी पकडून देतात, आणि तिथे तो दोन वर्षे दुसऱ्याच परीक्षेसाठी घासला जातो.

इथे ते भाषांतराचे दालन आठवावे. आयओआयला आज नव्वदच्या आसपास देश येतात, आदल्या रात्री डझनावारी भाषांत प्रश्न उतरतात. भारताचा संघ मात्र इंग्रजीतच वाचतो. निवडून आलेल्या चौघांना त्याची अडचण नसतेही. अडचण त्यांच्या खूप मागे, पहिल्याच पायरीवर असते. बऱ्हाणपूरच्या मुलाच्या घरी मराठी किंवा खानदेशी, शाळेत हिंदी, आणि झिओच्या धाटणीचा प्रश्न समोर येतो तो दीडदोनशे शब्दांच्या इंग्रजी परिच्छेदात. कागद-पेन्सिलीचे दार मुद्दाम बुटके ठेवले होते, पण उंबऱ्यावर इंग्रजी बसली आहे. संगणक नाही ही अडचण चेन्नईच्या मंडळींनी केव्हाच ओळखली आणि सोडवली. भाषेची अडचण सोडवायला चेन्नईहून कोणी येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. ते काम ज्यांना मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी अशा तिन्ही येतात त्यांचे, म्हणजे बऱ्हाणपूरसारख्या गावांतल्या गणिताच्या शिक्षकांचे. तिन्ही भाषांत एकाच दिवसात वावरणारी माणसे पुण्यातसुद्धा इतकी सापडायची नाहीत.

ऑगस्ट 2025 मध्ये ओपनएआय या कंपनीने जाहीर केले की तिच्या यंत्राने त्या वर्षीच्या आयओआयच्या प्रश्नांवर सुवर्णपदकाएवढे गुण मिळवले. मग मुलांनी हे कशाला शिकायचे, असे विचारणारे आता भेटतील. सायकली आल्या, मोटारी आल्या, तरी शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत होतेच, हे त्यांना सांगून पुढे जावे.

झिओचे जुने पेपर उत्तरांसह इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कंप्युटिंग सायन्सच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एका पेपरात चारच प्रश्न असतात. बऱ्हाणपूर, नेपानगर, शाहपूर किंवा रावेरच्या एखाद्या शिक्षकाने एका रविवारी त्यातला एक पेपर आपल्या भाषेत उतरवावा आणि सोमवारी त्यातला पहिला प्रश्न आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहावा. मुलांना कागद द्यावा, पेन्सिल द्यावी आणि तासभर काही सांगू नये.